गोपीचंदाचे गाणे आणि भिक्षाबंदीचा कायदा

वरणगावपासून मुक्ताईनगरपर्यंतच्या तापीकाठाला नाथपंथ परका नाही. मुक्ताईचे थोरले बंधू निवृत्तिनाथ हे गहिनीनाथांचे शिष्य. त्या मुक्ताईची पालखी दरवर्षी पंढरीस निघते तेव्हा गावेच्या गावे पायघड्या घालतात. नाथांचेच नाव घेत डौर आणि तुणतुणे वाजवीत दारी येणारा भराडी मात्र त्याच गावांना संशयित वाटू लागला आहे.

हा भराडी जी गाणी गातो त्यांत गोपीचंदाची कथा अग्रभागी आहे. तुणतुण्याची एकच तार अखंड बोलत असते आणि कथेच्या विसाव्यावर डौर घुमतो. बंगालचा हा राजा माता मैनावतीच्या आग्रहावरून राज्य सोडतो, जालंदरनाथांचा शिष्य होतो आणि सख्ख्या बहिणीच्या दारीही जोगी म्हणून उभा राहतो. ही चाल कोणा एकाची नाही. प्रत्येक गायकाने ती आपल्या गळ्याप्रमाणे वळविली. राजस्थानातील नाथ हीच कथा सारंगीवर गातात. बंगालमधील रंगपूर भागात तिचे एक रूप ग्रियर्सनने शेतकऱ्यांच्या तोंडून उतरवून 1878 साली प्रसिद्ध केले. मराठीत मालूने 1819 साली ती ‘नवनाथ भक्तिसारा’त ओवीबद्ध केली. विष्णुदास भावे यांनी तर 1854 साली मुंबईत गोपीचंदाचे हिंदी नाटक लावले. तिकीट काढून पाहिलेला गोपीचंद कला ठरला. दारी येऊन गायिलेला गोपीचंद पुढे गुन्हा ठरला.

‘गुन्हा’ हा शब्द अलंकारिक नाही. मुंबई राज्याच्या 1959 च्या भिक्षाबंदी अधिनियमाने गाणे, नाचणे, भविष्य सांगणे वा खेळ करून दाखविणे यांच्या निमित्ताने दान मागणे हेही भीक मागण्यात जमा केले. पहिल्याच वेळी एक ते तीन वर्षे संस्थेत डांबण्याची त्यात तरतूद आहे. गंमत अशी की, याच शासनाच्या भटक्या जमातींच्या यादीत भराडी या नोंदीखाली किंगरीवाले, नाथजोगी, डवरी गोसावी ही नावे आहेत. डवरी म्हणजे डौर वाजविणारा. एक खाते वाद्यावरून जात ओळखून सवलत देऊ करते, तर दुसरे तेच वाद्य वाजवून पसाभर धान्य मागितल्याबद्दल त्याला पकडू शकते! शिवाय ती सवलत मिळविण्यासाठी 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा आणावयाचा. ज्याचे बिऱ्हाडच पाठीवर, त्याने तो कोणत्या तलाठ्याकडून आणावा?

या गाण्यामागचे अर्थकारण भाविकतेहून अधिक टणक होते. खळ्यावर ज्वारीची रास पडे, तिच्यातून पसा-दोन पसे भराड्याच्या झोळीत जात. तापीकाठी केळी वाढली आणि माल शेतातूनच मालमोटारीत चढू लागला. दारात रास नाही, तेव्हा देणाऱ्याचा हातही आखडला. वरणगावच्या काडतुसांच्या कारखान्याने 1964 पासून बऱ्याच घरांना महिन्याचा पगार दिला, हे चांगलेच झाले; पण पगाराच्या हिशेबात झोळीला जागा नसते. गावाची आणि गायकाची वर्षानुवर्षांची ओळख अशी तुटत गेली. ओळख तुटली की अनोळखी माणसाबद्दल काहीही खरे वाटू लागते.

1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात, राईनपाडा येथे, आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी काय घडले ते खानदेशाने विसरता कामा नये. मुले पळविणारी टोळी फिरत असल्याची अफवा भ्रमणध्वनीवरून पसरली होती. भिक्षेसाठी आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना जमावाने ग्रामपंचायतीच्या कचेरीत ठेचून मारले. यात दोष सगळा भ्रमणध्वनीचा, असे म्हणून मोकळे होणे सोयीचे आहे. परंतु गाऊन मागणाऱ्याला गुन्हेगाराच्या रांगेत बसविणारा कायदा त्याआधी जवळजवळ साठ वर्षे पुस्तकात होता.

त्या घटनेनंतर पुढच्याच महिन्यात दिल्ली उच्च न्यायालयाने याच कायद्याची प्रमुख कलमे दिल्लीपुरती घटनाबाह्य ठरविली. ज्या राज्यात हा कायदा जन्मला तेथील पुरोगाम्यांनी निदान गाण्या-नाचण्याचे शब्द व्याख्येतून काढण्याचा आग्रह तरी धरावयास हवा होता. साने गुरुजींनी बायाबापड्यांच्या ओव्या गोळा केल्या, त्या अमळनेरच्या परिसरातील कार्यकर्त्यांना हे काम परके वाटू नये. तालुक्यात कोठे पालांची वस्ती उतरली आहे, तिच्यातील किती मुलांजवळ जातीचा दाखला आहे आणि किती जणांचे अर्ज 1961 च्या अटीवर अडले आहेत, एवढी नोंद प्रत्येक शाखेला एका महिन्यात करता येईल.