तपासणी हवी, फेरतपासणी नको

हिंगोली-वाशिम मार्गावर कनेरगाव नाक्यापाशी मराठवाडा संपतो व विदर्भ सुरू होतो. एका जिल्ह्यात तपासलेले वाहन दुसऱ्यात पुन्हा अडविले गेले, तर चालकाचा संताप अनाठायी म्हणता येत नाही. गणवेशातील पोलिसाने मागताच परवाना दाखविणे हे मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार चालकाचे कर्तव्यच आहे. परंतु तपासणीची वेळ व अधिकाऱ्याची ओळख संगणकावर नोंदवून अनावश्यक फेरतपासणी टाळावी, असा केंद्रीय नियमही १ ऑक्टोबर २०२० पासून लागू आहे. तो कसोशीने पाळला जावा. कागदपत्रांवर वाया जाणारा वेळ ब्रेक, दिवे व टायर पाहण्यात खर्च झाला, तर ती तपासणी चालकालाही आपल्या हिताची वाटेल.