यादीत नसलेला छापखाना

पानिपतच्या काला अंबला आज आंब्याचे झाड नाही. ते केव्हाच वाळून गेले. त्या जागी विटांचा स्तंभ आहे, कुंपण आहे, बाग आहे. दर १४ जानेवारीला महाराष्ट्रातून माणसे तिथे माथा टेकायला जातात. खुशाल जावे. पण नसलेल्या झाडाची जागा जपता येते, तर उभा असलेला छापखाना का जपला नाही, हे आम्ही विचारणारच.

२५ जून २०१६. पहाटेच्या अंधारात दादरचे आंबेडकर भवन आणि तिथला बुद्धभूषण प्रिंटिंग प्रेस बुलडोझरखाली गेला. 'जनता' आणि 'प्रबुद्ध भारत' ज्या छापखान्यातून वस्त्यावस्त्यांत पोचले, तो हा. पाडणारे परके नव्हते. बाबासाहेबांनीच स्थापलेल्या पीपल्स इम्प्रूव्हमेंट ट्रस्टचे विश्वस्त होते, १७ मजली नवे भवन बांधायला निघालेले! त्यांना समाजाने जाब विचारला. १९ जुलैच्या मोर्चाने मुंबईचे रस्ते भरून गेले.

पण त्यांना वाट कुणी दिली? इमारत धोकादायक, असा महापालिकेच्या नोटिशीचा आधार पुढे केला गेला. महापालिका कायद्याचे कलम ३५४ एवढेच पाहते, की भिंत पडेल का. भिंतीआड काय घडले, हे त्याच्या कक्षेत नाही. ते काम वारसा नियमावलीचे, आणि तिचे संरक्षण यादीतल्या वास्तूंना. नियमात 'ऐतिहासिक', 'सांस्कृतिक' हे शब्द आहेत. यादी करणाऱ्यांची नजर मात्र कमानी, घुमट आणि गोऱ्या साहेबांचे मनोरे शोधते. खिळे जुळवणाऱ्या हातांची जागा तिला दिसत नाही.

इंग्लंडमध्ये यादीबाहेरच्या वास्तूवर घाव येतोय असे दिसले, तर स्थानिक प्राधिकरण नोटीस काढून तिला सहा महिने यादीतल्यासारखेच संरक्षण देऊ शकते. तेवढ्या मुदतीत इतिहास तपासता येतो. आपल्याकडे नाव घालायचे तर प्रस्ताव, हरकती, सूचना, मंजुरी. बुलडोझरला एक पहाट पुरते.

म्हणून मागणी साधी आहे. धोका असेल तर आधी टेकू लावा, माणसे हलवा. पाडायची परवानगी मात्र वारसा समितीच्या मताशिवाय नको, आणि त्या समितीत चळवळीचा इतिहास जाणणारी माणसे हवीत. वरळी-नायगावच्या बीडीडी चाळी पुनर्विकासासाठी पडत आहेत. कुठल्या मैदानात कुणाची सभा झाली, कुठल्या खोलीत वाचनालय चालायचे, हे सांगणारी म्हातारी माणसे तिथे अजून आहेत. नकाशा मंजूर करण्याआधी त्यांच्याकडे जाऊन विचारा.