दळवींचे वाङ्मय आणि निराळी मने

प्रस्तुत अंक आम्ही जयवंत दळवी यांच्या वाङ्मयास वाहिला आहे. ज्या लेखणीने ‘ठणठणपाळ’ या टोपणनावाने मराठी साहित्यिकांना हसविले आणि ‘चक्र’मधून झोपडपट्टीचे वास्तव मांडले, तिनेच ‘बॅरिस्टर’मध्ये कुळात उतरणाऱ्या वेडाचे भय आणि ‘नातीगोती’मध्ये मतिमंद मुलाच्या आईबापांची उलघाल रंगभूमीवर आणली, हे आम्हांस विशेष मोलाचे वाटते. अशा मुलांच्या बाबतीत २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने स्वमग्नता व अध्ययन-अक्षमता यांची सरकारदप्तरी दखल घेतली. परंतु आमच्या करवीरनगरीतही असे मूल पाहुण्यांच्या दृष्टीआड ठेवणारी घरे अद्याप आहेत. दळवींनी आईबापांचे मन जाणले. मात्र अशा मुलाचे स्वतःचे मन मराठी साहित्यात क्वचितच बोलले, अशी आमची धारणा आहे, आणि म्हणूनच पालकांबरोबर अशा निराळ्या मनाच्या वाचकांनीही आम्हांस निःसंकोच लिहावे.