युरिन इन्फेक्शनच्या अभ्यासात आपण कुठे आहोत?

लघवीला जळजळ होते, सारखं जावंसं वाटतं, ओटीपोटात दुखतं. घरातली मोठी बाई म्हणते, उन्हाळी लागली असेल, धने-जिऱ्याचं पाणी पी. दोन दिवसांत उतरलं तर ठीक, नाहीतर भाऊ मेडिकलमधून मागच्या वेळचीच स्ट्रिप आणून देतो. दोन महिन्यांनी पुन्हा तेच. सहा महिन्यांत दोनदा किंवा वर्षात तीनदा संसर्ग झाला, की डॉक्टर त्याला वारंवार होणारा संसर्ग म्हणतात. मी त्या गटात आहे, आणि तळेगावात माझ्या ओळखीच्या आणखी पाच-सहा जणी आहेत. सासूपासून शुगरपर्यंत सगळं मोठ्याने बोलणाऱ्या आम्ही, हे मात्र कुजबुजत बोलतो.

या आजारावर कोणी रीतसर अभ्यास करत असेल आणि आपल्याला 'सहभागी व्हाल का' असं विचारलं, तर कागद नीट वाचून, हवे ते प्रश्न विचारून 'हो' म्हणायची आपली तयारी असावी, असं माझं म्हणणं आहे. आज बहुतेक घरांत उत्तर आधीच ठरलेलं असतं: नको ती भानगड.

आता पाण्याचं बघा. 'भरपूर पाणी प्या' हे प्रत्येक डॉक्टर सांगतो. पण किती, आणि त्याने खरंच फरक पडतो का, हे कळायला बल्गेरियातल्या 140 बायकांनी वर्षभर वेळ दिला. दिवसाला दीड लिटरपेक्षा कमी पिणाऱ्या, वारंवार संसर्ग होणाऱ्या या बायका. निम्म्यांना रोज दीड लिटर जास्त प्यायला सांगितलं, बाकीच्यांना नेहमीसारखं. वर्षअखेरीस जास्त पिणाऱ्यांना सरासरी 1.7 वेळा संसर्ग झाला, दुसऱ्या गटाला 3.2 वेळा. 2018 मध्ये हे प्रसिद्ध झालं. अभ्यासाचे पैसे बाटलीबंद पाणी विकणाऱ्या दानोन कंपनीचे होते. असं दिसलं की शंका घ्यावीच, पण ती घेता येते कारण पैसे कोणाचे हे छापलेलं असतं.

हेच आता चाकणच्या लाइनवर आणून बघा. पहाटे कंपनीची बस पकडणारी मुलगी पाणी मुद्दाम कमी पिते, कारण सुपरवायझरकडे पुन्हा-पुन्हा सुट्टी मागायची लाज वाटते. तळेगावच्या फ्लोरिकल्चर पार्कमध्ये गुलाबाच्या पॉलिहाऊसमध्ये उकाड्यात उभ्या असणाऱ्या बायका आहेत. मी स्वतः हिंजवडीच्या बसमध्ये बसण्याआधी चहासुद्धा टाळते. 'दीड लिटर जास्त प्या' हे आमच्यासाठी बरोबर उत्तर आहे, पण अर्धंच. आणि रमजानमध्ये? आजारी माणसाला रोज्याची सवलत आहे हे सगळ्यांना माहीत आहे. पण दोन संसर्गांच्या मधल्या काळात जी बाई ठणठणीत असते, तिने काय करायचं? तेरा-चौदा तास काहीच न पिता इफ्तार ते सेहरीत सगळं पाणी प्यायलं, तर दिवसभर थोडं-थोडं पिण्याइतका फायदा होतो का? हा प्रश्न आपला आहे. तो अभ्यासात यायला हवा असेल तर रोजे ठेवणाऱ्या बायकाही त्या अभ्यासात हव्यात. ज्या मोबाईलवर ॲप तपासलंच नाही, त्यावर ते चालेल असं आमच्या धंद्यात कोणी छातीठोकपणे सांगत नाही.

माणसं वाढली की उत्तर बदलतं, हे क्रॅनबेरीच्या बाबतीत झालं. 2012 मध्ये कॉक्रेन या संस्थेने तोवरचे 24 अभ्यास एकत्र तपासले आणि फारसा उपयोग दिसत नाही असं सांगितलं. 2023 मध्ये पुन्हा हिशोब मांडला तेव्हा 50 अभ्यास आणि 8,857 माणसं होती, आणि वारंवार संसर्ग होणाऱ्या बायकांमध्ये उपयोग होतो असं निघालं. आपल्या धने-जिऱ्याच्या पाण्याची अशीच परीक्षा घ्यायची, तर बायका इथल्याच लागतील.

जास्त गंभीर गोष्ट अँटिबायोटिकची. मागच्या वेळचीच स्ट्रिप अर्धवट घेतली की ई. कोलायसारखे जंतू त्या औषधाला सरावतात. पुढे साध्या गोळीने भागत नाही, इंजेक्शनसाठी ॲडमिट व्हावं लागतं. म्हणून अँटिबायोटिकशिवाय संसर्ग रोखण्याचे मार्ग शोधणं चालू आहे. ब्रिटनमध्ये 240 बायकांवर मेथेनामाइन हिप्प्युरेट हे जुनं, जंतुनाशक पण अँटिबायोटिक नसलेलं औषध तपासलं. रोजच्या कमी डोसच्या अँटिबायोटिकपेक्षा ते फारसं मागे नाही, असं 2022 मध्ये दिसलं. आपल्याकडे कल्चर न करताच गोळी सुरू होते. अभ्यासात निदान कोणता जंतू आहे आणि त्याला कोणतं औषध लागू पडतं, हे लिहून ठेवलं जातं.

लाजेचं म्हणाल तर गडचिरोलीची आठवण करून देते. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या 650 बायकांना तपासलं. 1989 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये ते आलं: 92 टक्के बायकांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता, आणि त्याआधी तपासणी-उपचार झालेल्या होत्या फक्त 8 टक्के. तो अभ्यास लघवीच्या संसर्गापुरता नव्हता, पण गप्प बसणं हेच होतं. त्या 650 जणी पुढे आल्या म्हणून खेड्यातल्या बाईचं आरोग्य बाळंतपणापुरतं नसतं, हे धोरण ठरवणाऱ्यांना ऐकावं लागलं.

भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. 2009-10 मध्ये आंध्रच्या खम्मममध्ये एचपीव्ही लसीच्या प्रकल्पात मुलींच्या संमतीपत्रांवर वसतिगृहाच्या वॉर्डनच्या सह्या निघाल्या, आणि 2013 मध्ये संसदीय समितीने त्यावर कडक ताशेरे ओढले. म्हणूनच आपले हक्क पाठ हवेत. औषधाची चाचणी असेल तर ती सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत असलीच पाहिजे, आणि ती वेबसाइट कोणालाही बघता येते. माहितीपत्रक आपल्याला कळणाऱ्या भाषेत मिळालं पाहिजे. सज्ञान बाईची सही तिची स्वतःची. नवऱ्याची परवानगी कायदा मागत नाही. मधेच बाहेर पडता येतं आणि त्यामुळे नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत. चाचणीमुळे इजा झाली तर उपचार आणि भरपाई द्यावी लागते. 2019 च्या नियमांनुसार एथिक्स कमिटीत एक सामान्य नागरिक आणि एक स्त्री असावीच लागते. बाहेरच्या सदस्यांत धर्मशास्त्राच्या अभ्यासकालाही जागा ठेवली आहे. आपल्यातल्या किती जणांनी त्या खुर्चीबद्दल ऐकलंय?

आपला समाज अशा गोष्टींपासून नेहमीच लांब राहिला, हेही खरं नाही. 1897 च्या प्लेगमध्ये मुंबईत हाफकिनच्या लसीबद्दल लोक धास्तावलेले असताना जेमतेम 19 वर्षांच्या आगाखानांनी लोकांसमोर स्वतः टोचून घेतलं, जमातीतल्या हजारोंना तयार केलं आणि प्रयोगशाळेसाठी आपला खुशरू लॉज दिला. 2020 मध्ये ज्या तबलिगींना दिवसरात्र शिव्या पडत होत्या, त्यांच्यातल्या बऱ्या झालेल्यांनी दिल्लीत प्लाझ्मा दिला. पुढे आयसीएमआरने 39 रुग्णालयांतल्या 464 रुग्णांवर चाचणी केली आणि प्लाझ्माचा फायदा नाही असं निघालं. तेही उत्तरच होतं.

गेल्या वर्षी एका रुग्णालयात मला अशाच अभ्यासाबद्दल विचारलं: वर्षभर डायरी लिहायची आणि दर महिन्याला लघवीचा नमुना द्यायचा. मी कागद घरी आणला, चार दिवस वाचला आणि सही केली. मराठी भाषांतरात 'यादृच्छिकीकरण' असा शब्द होता. तो खालाला समजावताना मी 'चिठ्ठी टाकून गट ठरवणं' म्हटलं, तर ती म्हणाली, मग असंच लिहायचं ना. मी तिचं म्हणणं अभ्यासवाल्या डॉक्टरबाईंना कळवलं आणि त्यांनी वाक्य बदलून घेतलं. डायरीत रोज्याचा रकाना नव्हता, तोही मागितला.

तळेगावात 1908 साली लोकांकडून एकेक पैसा गोळा करून पैसा फंडाचा काच कारखाना उभा राहिला. आज इथे मायमरसारखं मेडिकल कॉलेज आहे, आजूबाजूला हजारो कामगार बायका आहेत. वारंवार त्रास होत असेल तर पुढच्या वेळी ओपीडीत गोळी लिहून घेण्याआधी कल्चर मागा, आणि इथे किंवा पुण्यात यावर काही अभ्यास चालू आहे का, एवढं विचारून या. भाऊ-नवरे वाचत असतील तर त्यांनी मेडिकलमध्ये जाण्याऐवजी तिला नमुन्याच्या बाटलीसकट लॅबमध्ये सोडावं.