जास्तीचा हप्ता

गेल्या काही महिन्यांत आमच्याकडे येणाऱ्या पत्रांत एकच प्रश्न वेगवेगळ्या रूपांत येतो आहे. आजींच्या खात्यात अनुदानाचे जास्त पैसे आले, आता काय करू? कुणी लिहितं, गावातले म्हणतात काढून घ्या, नाहीतर परत जातील. कुणी लिहितं, अमक्या कर्मचाऱ्याने रोख आणून द्यायला सांगितलं आहे. एका कार्यकर्तीने तर आजींना बँकेत नेऊन पैसे काढवले आणि कार्यालयातल्या एका टेबलावर नेऊन दिले. पावती मागितली, तर ‘पावती कशाची, साहेबांच्या कानावर घालतो’ असं उत्तर मिळालं. तिच्या सचोटीबद्दल कुणाला शंका नाही. पण त्या पैशांचा आज मागमूस नाही आणि आजींच्या नावापुढचं जादा प्रदान तसंच उभं आहे.

यावर माझं म्हणणं थोडक्यात सांगतो. रक्कम का आली हे लेखी कळेपर्यंत ती हलवायची नाही. खर्चासाठी नाही आणि परत करण्यासाठीही नाही.

मुळात पैसे जास्तीचे आहेत का, हेच आपल्यापैकी अनेकजण तपासत नाहीत. माझ्यासमोर एका पासबुकाची झेरॉक्स आहे. चार महिने काही नाही आणि मग एकदम ४,५०० रुपये जमा. सोबतच्या चिठ्ठीत ‘तिप्पट आले’ असं लिहिलं आहे. आता हे बघा. संजय गांधी निराधार अनुदान जुलै २०२३ च्या निर्णयाने दरमहा १,००० वरून १,५०० रुपये झालं. ४,५०० म्हणजे सरळ तीन हप्ते. मागचे चार महिने कोरे असताना ही रक्कम जास्तीची कशी? उलट एक महिना अजून येणं आहे! निधी उशिरा आला की दोन-तीन हप्ते एकदम पडतात, हे आपल्या क्षेत्रात नवीन नाही. तरीही मोठा आकडा दिसला की आपणच घाबरतो आणि आपली भीती लाभार्थ्याला देतो.

फरकाच्या रकमेचंही तेच. दिव्यांग लाभार्थ्यांचं अनुदान १,५०० वरून २,५०० करण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये घेतला. अशी वाढ झाली की कुणाच्या खात्यात आधी जुन्या दराने आणि मागून फरक, कुणाच्या खात्यात एकदम, असं मागेपुढे होऊ शकतं. म्हणून पहिलं काम पासबुक छापून आणण्याचं. जुनी पानंही हवीत. निदान वर्षभराच्या नोंदी घ्या आणि एका कागदावर महिनावार तक्ता करा: कोणता महिना, किती देय, किती जमा, कोणत्या तारखेला, नोंदीपुढे बँकेने काय छापलं आहे. निम्मी प्रकरणं या तक्त्यावरच मिटतील असं मला वाटतं.

उरतात ती खरी गुंतागुंतीची. त्यातला सर्वांत दुर्लक्षित प्रकार म्हणजे दुसऱ्याचे पैसे आपल्या खात्यात येणे. आधारवर आधारलेल्या थेट हस्तांतरणात रक्कम खाते क्रमांक पाहून जात नाही. राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळाच्या नोंदवहीत त्या आधार क्रमांकाशी शेवटचं जे बँक खातं जोडलं गेलं असेल तिथे ती जाते. बँकेत आधार जोडताना दोन माणसांच्या कागदांची अदलाबदल झाली, तर एकीचं अनुदान दुसरीच्या खात्यात पडत राहतं. कुणाचीच तक्रार नसते, कारण जिला मिळत नाही तिला ‘तुमचे पैसे तर जमा झालेत’ असं सांगितलं जातं. अशा वेळी आपल्या लाभार्थ्याच्या खात्यात आलेली अनोळखी रक्कम म्हणजे कुणाची तरी बंद पडलेली चूल असते. इथे तहसीलच्या आधी बँकेकडे अर्ज हवा: ही नोंद कोणत्या योजनेची, ज्या आधार क्रमांकावर आली त्याचे शेवटचे चार आकडे कोणते, ते कळवावे. नुसतं तोंडी विचारलं तर काउंटरवरून ‘सरकारकडून आलेत’ एवढंच कळतं.

दुसरा प्रकार मृत्यूनंतरचा. श्रावणबाळ योजनेतले आजोबा गेले, हप्ता चालू राहिला, एटीएम कार्ड नातवाकडे. सहा महिन्यांनी हयातीच्या दाखल्याचा विषय निघतो तेव्हा सगळं उघड होतं. घरच्यांना यात चोरी केल्यासारखं वाटतच नाही; दवाखान्याचा खर्च झाला, दिवसकार्य झालं, त्याला उपयोगी पडले, अशी त्यांची समजूत असते. ती समजून घ्यावी, पण पाठीशी घालू नये. अनुदान व्यक्तीचं असतं, घराचं नव्हे. मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची असते, नोंद झाली त्याच आठवड्यात मृत्यूच्या दाखल्याची एक प्रत तहसीलच्या संजय गांधी शाखेला आणि एक बँकेला गेली पाहिजे. हे काम घरचे करणार नाहीत, दुःखात असतात. ते आपलं आहे. मृत्यूच्या आधीच्या महिन्यांची थकबाकी आणि नंतर पडलेले हप्ते यांचा हिशेब मात्र वेगळा मांडायला सांगा, कारण कार्यालयात दोन्ही एकाच आकड्यात घालण्याची घाई असते.

तिसरा प्रकार सर्वांत मोठा आणि आपल्याला सर्वांत जास्त छळणारा: पैसे दिल्यानंतर अपात्र ठरवणे.

२०१९ मध्ये पीएम-किसान योजना आली. वर्षाला ६,००० रुपये, तीन हप्त्यांत. आयकर भरणारे, १०,००० किंवा त्याहून जास्त निवृत्तिवेतन घेणारे इत्यादी वगळायचे होते. पण पडताळणी मागून आणि पैसे आधी, असा क्रम लागला. माहितीच्या अधिकारात केंद्रीय कृषी मंत्रालयाने दिलेल्या उत्तरानुसार २०.४८ लाख अपात्र लाभार्थ्यांना १,३६४ कोटी रुपये गेले होते, आणि त्यांतले निम्म्याहून अधिक आयकरदाते होते. मग वसुली सुरू झाली. महाराष्ट्रात तलाठ्यांमार्फत नोटिसा गेल्या, लोकांनी पैसे भरले. योजनेच्या संकेतस्थळावर परतफेडीची सोयही झाली.

मग २०२४ मध्ये लाडकी बहीण योजना आली. २८ जूनचा शासन निर्णय, ऑगस्टच्या मध्यात रक्षाबंधनाच्या तोंडावर दोन हप्त्यांचे ३,००० रुपये खात्यात. एवढ्या वेगात पडताळणी होणं शक्यच नव्हतं, आणि नोव्हेंबरमध्ये विधानसभेची निवडणूक होती हेही सगळ्यांना माहीत होतं. फेब्रुवारी २०२५ मध्ये पाच लाख महिला अपात्र ठरल्याचं मंत्री अदिती तटकरे यांनी जाहीर केलं. त्यांत २ लाख ३० हजार संजय गांधी निराधार योजनेच्या लाभार्थी होत्या, १ लाख १० हजार ६५ वर्षांवरच्या. म्हणजे शासनाच्या एका यादीत ज्यांचं नाव आणि वय आधीच होतं, त्यांनाच दुसऱ्या यादीने पात्र ठरवलं होतं. या महिलांना दिलेली रक्कम परत घेणार नाही, असंही तेव्हा सांगण्यात आलं. योजनेत शिरलेल्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या बाबतीत मात्र भाषा वसुलीची झाली, आणि ते योग्यच आहे.

शेतकऱ्याकडून वसुली, बहिणीला माफी. मला माफीबद्दल तक्रार नाही. निराधार बाईकडून खाल्लेलं अन्न परत मागता येत नाही. तक्रार एवढीच की ही माफी घोषणेत राहिली तर तिच्यावर आपण विसंबू शकत नाही. मंत्री बदलतात, लेखापरीक्षक येतात, पाच वर्षांनी एखादा आक्षेपाचा परिच्छेद निघतो आणि नोटीस जाते ती गावातल्या त्याच बाईला. म्हणून ज्यांची नावं वगळली गेली त्यांच्यासाठी आपण आताच तालुक्याकडे लेखी विचारणा करावी: माझ्याकडून काही येणे दाखवले आहे काय, असल्यास कोणत्या महिन्यांचे. उत्तर ‘काही नाही’ असं आलं तरी तो कागद पुढे कामी येतो.

कायदा काय म्हणतो? भारतीय करार अधिनियम १८७२ चं कलम ७२ सांगतं की चुकीने मिळालेले पैसे घेणाऱ्याने परत करावेत. आपले नसल्याचं कळूनही ते लाटले, तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३१४ लागू शकतं. ही एक बाजू. दुसरी बाजू सर्वोच्च न्यायालयाच्या डिसेंबर २०१४ च्या रफीक मसीह निकालात आहे. कर्मचाऱ्यांना चुकून जास्त पगार गेला आणि त्यात त्यांची लबाडी नसेल, तर वर्ग ३ आणि वर्ग ४ च्या कर्मचाऱ्यांकडून, निवृत्तांकडून, तसंच पाच वर्षांहून अधिक काळ चाललेल्या जादा प्रदानाची वसुली करता येणार नाही, असं न्यायालयाने म्हटलं. कारण वसुलीचा जाच मालकाच्या हक्कापेक्षा जड होतो. २०२२ मध्ये थॉमस डॅनियल प्रकरणात केरळच्या एका निवृत्त शिक्षकाला याच विचाराने दिलासा मिळाला.

हे निकाल नोकरदारांचे आहेत, अनुदानाचे नाहीत. अर्जात त्यांचा हवाला देताना ते लपवू नका. पण त्यामागचा विचार उचलायला काय हरकत आहे? संजय गांधी शाखेतल्या लिपिकाला जादा पगार गेला तर त्याला संरक्षण, आणि त्याच्या टेबलापुढे काठी टेकून उभ्या असलेल्या, वर्षाला २१,००० रुपयांच्या उत्पन्नमर्यादेत बसणाऱ्या बाईला नाही, हे कुठल्या न्यायात बसतं? चूक कार्यालयाची, माहिती लपवलेली नाही, रक्कम पोटात गेलेली, असं असेल तर वसुली माफ करण्याची किंवा अगदी लहान हप्त्यांत घेण्याची मागणी आपण ठामपणे करावी. जिथे उत्पन्न किंवा दुसरी योजना मुद्दाम लपवली आहे, तिथे ही मागणी आपल्या तोंडून येऊ नये. एवढी शिस्त आपण पाळली तर तालुक्यात आपल्या शब्दाला किंमत राहील.

वसुलीचा आकडा तपासल्याशिवाय मान्य करू नका, हे सांगताना मला नेदरलँड्स आठवतो. तिथे बालसंगोपन भत्त्यात किरकोळ त्रुटी सापडली तरी वर्षभराची पूर्ण रक्कम परत मागितली जाई. हजारो पालक फसवणारे ठरवले गेले, कर्जात बुडाले, आणि शेवटी जानेवारी २०२१ मध्ये रुटे मंत्रिमंडळाला राजीनामा द्यावा लागला. आपल्याकडे प्रमाण वेगळं असेल, पण मोह तोच आहे: जूनपासून अपात्र असलेल्या बाईचा हिशेब जानेवारीपासून लावायचा. तिचं वय ६५ कधी पूर्ण झालं, दुसऱ्या योजनेचा पहिला हप्ता कोणत्या महिन्यात पडला, हे महिन्यागणिक दाखवायला लावा. तुमचा तक्ता तयार असेल तर हे पाच मिनिटांत होतं.

‘पैसे खात्यातच ठेवा’ हा आपला नेहमीचा सल्ला, पण तोही तपासून द्या. खातं साधं बचत खातं असेल तर काही बँकांत किमान शिल्लक नसल्याचे आकार त्यातून कापले जाऊ शकतात, कर्जाचा थकलेला हप्ताही वळता होतो. लाडकी बहीणच्या पहिल्या हप्त्यांच्या वेळी असं झाल्यावर कपात करू नका म्हणून बँकांना सांगावं लागलं होतं. जनधन किंवा मूलभूत बचत खात्यात किमान शिल्लकेचा प्रश्न येत नाही. इतरत्र मात्र जादा रकमेबाबत अर्ज दिल्याचं बँकेलाही कळवून ठेवा. आणि फोनवर ‘चुकून पैसे आले आहेत, या नंबरवर परत पाठवा’ म्हणणारा कुणीही असो, त्याला एक पैसाही नाही. पैसे गेलेच असतील तर तत्काळ सायबर फसवणुकीच्या १९३० या मदत क्रमांकावर फोन.

परतफेड ठरलीच तर ती शासनाच्या खात्यात, चलनाने. कोणत्या लेखाशीर्षाखाली भरायचं ते तहसीलकडून लेखी घ्या. शासनाच्या ‘ग्रास’ या ऑनलाइन भरणा प्रणालीवर भरता येत असेल तर चलनाचा क्रमांक मिळतो आणि तो खोडता येत नाही. पीएम-किसानसाठी योजनेच्या संकेतस्थळावरूनच भरा. रोख रक्कम कुणाच्या हातात द्यायची नाही, सरपंच असो, कर्मचारी असो की आपल्यातलाच एखादा जुना कार्यकर्ता. हे लाभार्थ्यालाही आधीच सांगून ठेवा: ‘आजी, मी मागितले तरी द्यायचे नाहीत.’

अर्ज साधा ठेवा. नाव, योजना, लाभार्थी क्रमांक, महिनावार तक्ता, आणि तीन ओळी: ही रक्कम माझ्या खात्यात आली आहे, ती कशाची आहे ते कळवावे, जादा असल्यास परतीची पद्धत व कारण लेखी द्यावे. आरोप नको, माफीनामाही नको. आवक शाखेत पोच घ्या. शिक्का मारायला नकार मिळाला तर हुज्जत घालत बसू नका. रजिस्टर्ड पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टात सामील झाली आहे, तेव्हा सरळ स्पीड पोस्टने पाठवा आणि पोस्टाची पावती तक्त्याच्या प्रतीसह लाभार्थ्याच्या फाइलला लावा.