आधी पेन्शनचा हप्ता, मग सवलती




मिकी शेरिल यांनी २० जानेवारी २०२६ रोजी न्यू जर्सीच्या गव्हर्नरपदाची शपथ घेतली आणि त्याच दिवशी वीजदरांवरून आणीबाणी जाहीर केली. जून २०२५ मध्ये इथली वीज एका झटक्यात १७ ते २० टक्क्यांनी महागली होती, तेव्हा या घोषणेवर लोक खूश झाले यात नवल नाही. पण या आणीबाणीतून बिलात मिळणारी सूट कोणाच्या खिशातून येणार, असं विचारलं की आमच्या एडिसनमधली मराठी मंडळीही "आधी मिळू तर दे" म्हणून विषय संपवतात. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवण्याची ही हौस या राज्याला चांगलीच महागात पडली आहे.

१९९४ साली सत्तेवर आलेल्या रिपब्लिकन ख्रिस्टीन व्हिटमन यांनी आयकरात ३० टक्के कपातीचं आश्वासन मुदतीआधीच पुरं केलं. वाहवा झाली. त्याच काळात शिक्षकांच्या आणि सरकारी कर्मचाऱ्यांच्या पेन्शन फंडात भरायच्या रकमेला कात्री लागली आणि १९९७ साली सुमारे २.८ अब्ज डॉलरचे रोखे काढून खड्डा बुजवण्यात आला. पुढे डेमोक्रॅट मॅकग्रीव्ही यांनी कर्जाऊ पैशावर अंदाजपत्रक जुळवलं; कर्ज म्हणजे उत्पन्न नव्हे, हे २००४ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं! या एका बाबतीत दोन्ही पक्षांची पत्रिका छत्तीस गुणांनी जुळते. २०१० मध्ये तर पेन्शनची खरी अवस्था गुंतवणूकदारांपासून लपवल्याचा ठपका केंद्रीय रोखे आयोगाने न्यू जर्सीवर ठेवला. अशी नामुष्की ओढवलेलं हे देशातलं पहिलं राज्य.

खरी मेख २०१५ च्या कोर्टाच्या निकालात आहे. तेव्हाचे गव्हर्नर ख्रिस ख्रिस्ती यांनी २०११ साली स्वतःच सही केलेल्या कायद्यातला पेन्शनचा हप्ता २०१४ मध्ये पुरा भरला नाही. कर्मचारी संघटना कोर्टात गेल्या आणि हरल्या. दरवर्षीचा हप्ता भरायला सरकारला कायद्याने भाग पाडता येत नाही, असा निकाल लागला. म्हणजे त्या हप्त्याला संरक्षण आहे ते फक्त दरवर्षीच्या अंदाजपत्रकाचं. पुढे गव्हर्नर फिल मर्फी यांच्या काळात, १९९० च्या दशकानंतर पहिल्यांदा, तो पूर्ण भरला जाऊ लागला. आता ही रक्कम वर्षाला सात अब्ज डॉलरच्या घरात आहे, आणि कोणाही नव्या गव्हर्नरची नजर पहिल्यांदा तिच्यावरच जाणार.

काटकसर करायचीच तर जागा आहे. २०२३ साली मंजूर झालेल्या 'स्टे एनजे' योजनेत ६५ वर्षांवरच्या घरमालकांना घरपट्टीचा निम्मा भाग, कमाल साडेसहा हजार डॉलर, परत देण्याचं ठरलं. उत्पन्नाची मर्यादा किती? वर्षाला पाच लाख डॉलर! मी स्वतः या वयोगटातला आहे, दर तिमाहीला घरपट्टीचा चेक लिहिताना माझाही हात जड होतो. २०२४ मध्ये राज्याची सरासरी घरपट्टी दहा हजारांच्या वर गेली होती. पण पाच लाख कमावणाऱ्या निवृत्त डॉक्टरला सरकारने साडेसहा हजार का द्यावेत, हे मला अजून कोणी पटवून दिलेलं नाही. नुसत्या पेन्शनवर घर सांभाळणाऱ्या म्हातारीला द्या, जरूर द्या. मर्यादा खाली आणली तर पुढच्या निवडणुकीत ज्येष्ठांची मतं जातील, ही भीती मला समजते. पण मतांच्या भीतीने ठरवलेल्या आकड्याला कल्याणकारी योजना म्हणू नये.

आपले हात बांधलेले होते, ही सबब शेरिलबाईंना चालणार नाही. इथला गव्हर्नर उत्पन्नाचा आकडा स्वतः प्रमाणित करतो आणि अंदाजपत्रकातली नको ती रक्कम स्वतःच्या सहीने कापू शकतो. नवं आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू होतं. त्याआधी दोन्ही सभागृहांच्या अर्थसंकल्प समित्या जनसुनावण्या घेतात, तिथे कोणालाही बोलता येतं. न्यू जर्सीतल्या आपल्या वाचकांनी तिथे जावं, निदान आपल्या आमदाराला पत्र लिहावं आणि विचारावं: पेन्शनचा हप्ता पूर्ण भरणार का, आणि वीजबिलातल्या सवलतीचे पैसे कुठून आणणार?

— एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी