डागाला कारण हवे

आमच्याकडे येणाऱ्या जुन्या खोल्यांच्या प्रतिकृतींचा मळ बहुतेक वेळा एकाच बाटलीतून आलेला असतो. चारही भिंतींवर पातळ तपकिरी हात, कोपऱ्यांत थोडा गडद, बिजागऱ्यांवर गंज. काम सफाईदार, पण खोली जुनी होण्याऐवजी चहात बुचकळून काढल्यासारखी दिसते.

पावसाळा आहे. लोक लोणावळ्याला भुशी धरणावर भिजायला जातात. आपल्या मंडळींनी तिथल्या जुन्या बंगल्यांच्या भिंती पाहाव्यात. वर्षाला ४००० मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणाऱ्या या गावात मळ तपकिरी नसतोच, हिरवट काळा असतो. पश्चिमेची भिंत झडीने काळवंडते, पूर्वेची त्या मानाने बचावते. ओल जोत्यातून वर चढते, एका उंचीला थांबते आणि तिथे क्षारांची पांढरी रेघ सोडते. चुन्याचे पोपडे सुटतात ते तिच्याच आसपास. फुटक्या कौलाखाली ओघळ, कडीभोवती हातांचा तेलकटपणा, चुलीची काजळी वर वाशांना. त्याच मावळात तळेगावकडे उतरलात की पाऊस झपाट्याने कमी होतो, आणि मळाचा रंगही बदलतो.

अमेरिकेत फ्रान्सिस ग्लेसनर ली यांनी १९४०च्या दशकात पोलिसांना मृत्यूच्या तपासाचे धडे देण्यासाठी १:१२ मापाच्या खोल्या केल्या. तिथे डाग आणि झीज हाच अभ्यास होता. आपला प्रेक्षकही नकळत तेच करतो: पाणी आले कुठून, हे शोधतो.

या मापात फूटभर ओल इंचभरच होते. नखाएवढा पोपडा म्हणजे खऱ्या भिंतीवर तळहाताहून मोठा, हे विसरू नये. पोपड्यांसाठी जुन्या रंगाच्या थरावर फेविकॉलचा हात द्या आणि तो चिकट असतानाच अ‍ॅक्रिलिकचा एकच फटकारा मारा. पुन्हा ब्रश फिरवला की भेगा बुजल्याच. वाळल्यावर सुईने कडा उचला, त्याही ओलीच्या पट्ट्यातच. काजळीसाठी कोळशाची वस्त्रगाळ पूड कोरड्या ब्रशने लावावी. वार्निशखाली ती बरीचशी हरवते, म्हणून आधीच थोडी जास्त घ्या. वार्निश मॅटच हवे. ओघळ ताजा दाखवायचा असेल तर तेवढ्यापुरते चकचकीत चालेल.

दिवाळी अंकासाठी जुन्या खोल्या मागवत आहोत. सोबत मूळ भिंतीचे छायाचित्र आणि तिचे तोंड कोणत्या दिशेला आहे हे जरूर कळवा. फाटकातून आत शिरण्याआधी माळीबुवांना मात्र विचारून घ्या.